वतन, काठी आणि एक अर्धवट कादंबरी

चार वर्षे पत्र्याच्या पेटीत पडून असलेले माझ्या कादंबरीचे बाड मी दिवाळीच्या सुटीत पुन्हा सोडले. अकरा प्रकरणांचा आराखडा, त्यांतली सात प्रकरणे लिहून झालेली आणि सातव्याच्या शेवटच्या पानावर अर्ध्यात तुटलेले एक वाक्य. या चार वर्षांत भेटेल तो मित्र विचारी, ‘कादंबरीचे काय झाले?’ मी कारणे सांगत असे. प्रबंध पुरा करायचा होता. तासिका तत्त्वावर दोन गावच्या महाविद्यालयांत शिकवताना दिवस एसटीतच जाई. मग कोरोना आला, मोबाईलवरचे वर्ग आले, आणि २०२१ मध्ये आजोबा वारले. ही सगळी कारणे खरी होती. पण बाड सलग वाचल्यावर कळले, की कादंबरी त्यांपैकी एकाही कारणाने थांबलेली नव्हती. ती सातव्या प्रकरणात खोटी पडली होती, म्हणून थांबली होती.

मी इतिहास शिकवतो. साधनांची चिकित्सा कशी करावी, एकच बाजू सांगणारा कागद कसा वाचावा, हे दरवर्षी मुलांना फळ्यावर लिहून देतो. तोच मी घरात बसून घरचा इतिहास लिहायला लागलो, तेव्हा हे सगळे विसरलो. त्या विसरण्याचा हिशेब मांडावा म्हणून हे लिहीत आहे. आपल्यापैकी अनेक जण घरच्या आठवणींवर काही ना काही लिहीत असतात. त्यांना कदाचित उपयोग होईल.

सातव्या प्रकरणात असे होते. साल १९५७. नागपूरच्या धम्मदीक्षेला वर्ष होत आले आहे. कथानायक, म्हणजे माझे आजोबा, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, भर चावडीत पाटलासमोर येसकराची काठी फेकून देतात. घुंगरू तुटून ओसरीभर विखुरतात. चावडी सुन्न होते. चार पाने मी एका रात्रीत लिहिली होती आणि लिहिताना रडलोही होतो. आज वाचताना मात्र सारखे वाटत राहिले, की हा माणूस मी कुठेतरी वाचला आहे. तो अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’मधून उचललेला होता. अण्णा भाऊंना तो शोभला, कारण त्यांचा फकिरा त्यांच्या मातीतला होता. माझा तात्या त्याचे कपडे घालून उभा होता.

‘फकिरा’ १९५९ सालची. आणि महार वतन कायद्याने संपले तेही १९५९ सालीच, १ ऑगस्टला. पहिली तारीख मला विद्यार्थी असल्यापासून पाठ होती. दुसरी मी कादंबरीच्या दोनशे पानांत कुठेच लिहिली नव्हती! ज्या वतनावर कादंबरी उभी, ते संपल्याचा दिवसच तिच्यात नाही. का नाही? कारण ती तारीख आली असती तर एक अडचणीचा प्रश्न आला असता: तात्यांनी १९५७ मध्ये काठी फेकली, तर मधली दोन वर्षे गावकी कोणी केली आणि जमीन कशी राहिली?

हा प्रश्न कळायला वतनाची गाठ नीट पाहावी लागते. आपल्या लेखनात वतन म्हटले की मेलेली ढोरे आणि भाकरीची टोपली येते. ते खरेच आहे. पण वतन म्हणजे एक पक्का बांधलेला व्यवहार होता आणि त्याच्या मुळाशी जमीन होती. हाडकी-हाडोळ्याची ती जमीन कुणा एकाच्या मालकीची नव्हती, सगळ्या भावकीची होती. तिच्यावर पुरा सारा नसे. हलका आकार असे, त्याला जुडी म्हणत. बदल्यात पाळीपाळीने राबायचे. सारा तालुक्याला पोचवायचा, टपाल न्यायचे, दवंडी द्यायची, मयताची वर्दी घेऊन गावोगाव पळायचे, अंमलदार आला की त्याच्या दिमतीला उभे राहायचे, चावडीला जळण आणायचे. सरकारचे काम कोणते आणि गावाचे कोणते, याला सीमाच नव्हती. १८७४ च्या मुंबईच्या वतन कायद्याने या व्यवहारावर सरकारी शिक्का मारला. नोकरी वंशपरंपरेची झाली आणि जमीन नोकरीला बांधली गेली. गावाकडून मिळायचे ते बलुते, तेही गावाच्या मर्जीवर. म्हणजे मालक दोन, सरकार आणि गाव. आणि चाकर एकच.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’मधून या वतनाची चिकित्सा केली आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. या विधेयकाचा उल्लेख मी वर्गात दरसाल करतो. पण कादंबरीकडे परत आल्यावर ते पुन्हा वाचले तेव्हा प्रथमच जाणवले, की बाबासाहेब कुठेही नुसते ‘वतन फेका’ म्हणत नाहीत. ज्याला नोकरीतून मोकळे व्हायचे आहे त्याला पुरा सारा भरून जमीन ठेवता यावी, अशी सोय त्यात आहे. बलुत्याऐवजी पैशात कर बसवावा आणि तो सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून नोकराला द्यावा, अशीही आहे. कामे कोणती, हे ठरवून द्यावे असा आग्रह आहे. वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरातल्या कोणालाही कामावर ओढले जाते, म्हणजे एका पगारावर सारे घर वेठीला, हे त्यांनी कौन्सिलात ठणकावून सांगितले. जमिनीची धास्ती असलेला माणूस नोकरी कशी सोडणार, हे त्या विधेयकाला पक्के ठाऊक आहे. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. तीस वर्षांनी कायदा आला तो पुष्कळसा त्याच वाटेने आला. कोल्हापूर संस्थानात मात्र शाहू महाराजांनी १९१८ मध्येच महार वतन बंद करून जमिनी रयताव्याने महारांच्या नावे केल्या होत्या. एका राज्यकर्त्याच्या हुकमाने जे होऊ शकले, त्याला कौन्सिलाच्या वाटेने चार दशके जावी लागली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कधी शेजारीशेजारी छापले जात नाही.

आमचे गाव नगर जिल्ह्यातले. हरेगाव तिथून एका मुक्कामावर. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्याचे हरेगाव. तिथे डिसेंबर १९३९ मध्ये महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. पणजोबा चालत गेले होते. तात्या तेव्हा पाच-सहा वर्षांचे. त्यांना एवढेच आठवे, की बाप परतला तेव्हा त्याच्या पायाला फोड आले होते आणि तो आईला म्हणाला, ‘साहेब म्हनले, जिमिनीचा कागद जपा.’ बाबासाहेब हे वाक्य बोलले की नाही, मी सांगू शकत नाही. पण पणजोबा तिथून तेवढेच घेऊन आले, ही गोष्ट माझ्या लेखी त्या परिषदेच्या इतिहासाचाच भाग आहे. वतनी जमिनीवरच्या वाढीव आकाराविरुद्ध १९४१ मध्ये सिन्नरला परिषद झाली आणि पुढे सरकारला माघार घ्यावी लागली. आमच्या घरात या दोन परिषदा एकच होऊन बसल्या आहेत.

आता त्या ध्वनिमुद्रणाकडे येतो. २०१८ मध्ये मी तात्यांना ओट्यावर बसवून मोबाईलवर सहा तास बोलते केले होते. त्यातले कादंबरीला हवे तेवढे उतरवून घेतले होते, बाकीचे पुन्हा ऐकलेच नव्हते. या दिवाळीत ते सगळे लागोपाठ ऐकले. पहिल्याच तासात माझाच आवाज विचारतो, ‘तात्या, काठी कधी टाकली?’ त्यावर तात्या म्हणतात, ‘टाकली न्हाई रं, ठिवली. टाकायला ती का माज्या बापाची व्हती? गावाची काठी ती. पाळी सरली, चावडीत न्हेऊन ठिवली.’ मी पुन्हा विचारतो, ‘पण रागानं टाकली ना?’ तात्या गप्प. मग म्हणतात, ‘लिव्ह तुला लिव्हायचं तसं.’ आणि मी तसे लिहिले! इतिहासाच्या शिक्षकाने साक्षीदाराच्या तोंडात शब्द घातला आणि साक्षीदार थकून ‘बरं’ म्हणाला. मुलांच्या उत्तरपत्रिकेत हे दिसले असते तर मी लाल शाईने कापले असते.

पुढे तात्या तीन रात्रींच्या बैठकीबद्दल बोलतात. दीक्षा घेऊन आल्यावर भावकी तक्क्यात बसली. तरुण म्हणत, उद्यापासून गावकी बंद. म्हातारे म्हणत, कामाला नाही म्हटले आणि जमीन सरकारजमा झाली तर? पहिल्या रात्री भांडण झाले. दुसऱ्या रात्री कोणी बोलले नाही. तिसऱ्या रात्री ठरले ते असे: ढोरे ओढायची नाहीत, भाकरी मागायची नाही, मयताची वर्दी न्यायची नाही. सरकारी कामाची पाळी मात्र कायदा होईपर्यंत चालू ठेवायची. म्हणजे जिथे गावाचा हात होता तिथे तोडले आणि जिथे जमीन बांधली होती तिथे धरून ठेवले. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी तीन रात्रींत काढलेली ही रेघ १९२८ च्या विधेयकातल्या रेघेच्या फार जवळून जाते. माझ्या कादंबरीत या तीन रात्री नाहीत. तिथे एका माणसाचा एक झटका आहे.

आपल्या साहित्याने विद्रोहाचे जे रूप घडवले, त्यात असा सबुरीचा हिशेब बसत नाही. ‘नकार’ म्हटला की तो एका क्षणात आणि सर्वांदेखत द्यायला हवा, असे आम्हाला वाटत आले. प्रस्थापित समीक्षकांनाही तेच बरे वाटते, कारण अशा क्षणाला टाळ्या देता येतात आणि सात-बाराचा उतारा वाचावा लागत नाही. मी हे कोणावर दोष ठेवण्यासाठी म्हणत नाही. मीच त्या टाळीसाठी लिहीत होतो.

आणि आजी. ध्वनिमुद्रणात ती दूर चुलीपाशी आहे, मधूनच तिचा आवाज येतो. २०१८ मध्ये मी तिला दोनदा ‘आजी, जरा थांब’ म्हटलेले स्पष्ट ऐकू येते. ऐकताना मान खाली गेली. तिसऱ्यांदा ती थांबली नाही. ‘ह्यांची काठी सुटायच्या आदी माजी टोपली सुटली, त्ये बी लिव्ह,’ ती म्हणाली. येसकराच्या पाळीत घरोघर भाकरी मागायला जायची ती बाई आणि पोरे. बैठकीत ‘भाकरी मागायची नाही’ ठरले ते पुरुषांनी, पण त्याआधीच महिनाभर बायकांनी टोपल्या उतरवल्या होत्या, असे तिचे म्हणणे. संध्याकाळी चूल पेटवायला काही नसे. तेव्हा तिने आणि जावांनी कंपनीच्या उसात खुरपणी धरली. रोज येऊन-जाऊन सहा कोसांची चाल. आठवड्याची मजुरी हातात पडली तेव्हा गावच्या भाकरीवाचून जगता येते, हे बैठकीतल्या पुरुषांना प्रथम कळले. म्हणजे ती तिसरी रात्र या मजुरीवर उभी आहे. साखर कारखाना नसता तर आमच्या भावकीची रेघ कुठे पडली असती, याचा विचार करायला हवा. बागायत नसलेल्या, नुसत्या कोरडवाहू गावांत गावकी सोडणाऱ्यांवर बहिष्कार पडला तेव्हा त्यांनी काय खाल्ले असेल?

आजी २०१९ मध्ये गेली. तिला विचारायचे राहून गेलेले प्रश्न मी आता वहीत लिहितो. त्याचा उपयोग नाही, पण लिहितो.

कायदा आला तो १९५८ चा. त्याच्या नावातच ‘कनिष्ठ’ गाववतने असा शब्द आहे. कुलकर्णी वतने १९५० च्या निराळ्या कायद्याने गेली, मुलकी पाटलांची १९६२ च्या निराळ्या कायद्याने. नष्ट होतानासुद्धा वतनांची पंगत एक नव्हती! या कायद्याने वतन आणि त्याची चाकरी संपली. जमीन सरकारजमा होऊन पुन्हा वतनदारालाच द्यायची ठरली. त्यासाठी पुऱ्या आकाराच्या तिप्पट रक्कम कब्जेहक्कापोटी ठरावीक मुदतीत भरायची. ती भरली नाही तर तो माणूस आपल्याच जमिनीवर अनधिकृत ठरणार आणि जिल्हाधिकारी त्याला काढू शकणार. जमीन आधीच रीतसर दुसऱ्याच्या हाती गेलेली असेल तर ती त्यालाच मिळण्याची तरतूद होती. आणि मिळालेली जमीनही मोकळी नव्हती. परवानगीशिवाय ती विकता येत नाही, वाटता येत नाही. सात-बाराच्या इतर हक्कांत ‘नवीन अविभाज्य शर्त’ हे शब्द आजही आहेत, आणि जुन्या फेरफारात ‘इनाम वर्ग ६ ब’. तलाठ्यांच्या तोंडी या सगळ्याचे नाव ‘रिग्रँट’. आमच्या वस्तीतही तोच शब्द. त्याला मराठी शब्द कोणाला सुचला नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

तिप्पट आकार म्हणजे रक्कम फार मोठी नसे. पण १९५९-६० मध्ये रोख पैसा म्हणून ती उभी करणे ही निराळी गोष्ट. आणि ती भरायची आहे, न भरल्यास काय होईल, हे कळणे ही आणखी निराळी. आमच्या भावकीतली निम्मी घरे तेव्हा मुंबईला होती. गिरणीत, गोदीत, म्युनिसिपालिटीत. त्यांना निरोप गेला की नाही? पाचव्या तासात मी हे विचारतो. तात्या बराच वेळ बोलत नाहीत. तंबाखूची डबी वाजते. मग म्हणतात, ‘शेळ्या इकल्या. त्यांचं बी मीच भरलं. मंग कसली कुनी?’ आणि लगेच, ‘ते बंद कर.’ मी तेव्हा बंद केले होते. मुद्रण तिथे तुटते. सहाव्या तासात ते पुन्हा पाटलाच्या घोड्यावर बोलू लागतात.

आमच्या त्या जमिनीच्या उताऱ्यावर आज सव्वीस नावे आहेत. मेलेली, मुंबईची, पुण्याची, एक तर कोणाला आठवतच नाही असे. कसतो आम्ही. या जमिनीच्या ज्वारीवर माझे वडील दहावीपर्यंत गेले आणि कांद्याच्या एका चांगल्या वर्षावर माझी एम.ए.ची फी भरली गेली. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून माझा जो सत्कार झाला, त्याला मुंबईचे चुलते आले नव्हते. कारण मला तेव्हा ‘ते तसलेच आहेत’ असे सांगितले गेले होते. आता वाटते, त्यांच्याकडे कारण असावे. तात्यांनी त्यांचे पैसे भरले नसते तर तो हिस्सा गेला असता, हे खरे. भरले म्हणून हिस्सा आपला झाला असे तात्या धरून चालले, हेही खरे. कायद्याने नावे तशीच राहिली. कब्जा आमचा राहिला.

माझी कादंबरी थांबली ती इथे. तेव्हा हे मला शब्दांत माहीत नव्हते, पण हाताला माहीत असावे. आठव्या प्रकरणाला वतन संपल्यानंतरचे घर दाखवावे लागणार होते, आणि तिथे पाटील नव्हता, चावडी नव्हती. भावाभावांत पडलेली जमीन होती. शत्रू बाहेरचा असेपर्यंत माझी लेखणी पळत होती.

आपल्याकडे आत्मकथने आली तशा कादंबऱ्या का आल्या नाहीत, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. १९७८ चे ‘बलुतं’ आणि १९८१ चे ‘तराळ-अंतराळ’, दोन्ही पुस्तकांची नावे वतनाच्या भाषेतून आलेली आहेत. दया पवार आणि शंकरराव खरात यांनी वतनाच्या शेवटच्या काळातले जगणे आतून मांडले, ते ऋण आमच्यावर आहे. पण आत्मकथन जिथे लेखकाची आठवण संपते तिथे थांबू शकते. कादंबरीला मुंबईच्या चुलत्याच्या खोलीतही जावे लागते, जिथे निरोप पोचला नाही. त्याची बाजू तेवढ्याच मायेने लिहावी लागते. माझ्या पिढीला गावकी आठवत नाही, तेव्हा आम्हाला कागद आणि दुसऱ्यांची तोंडे यांवाचून गत्यंतर नाही. मी हे फार उशिरा शिकलो.

तर आता काय करतो आहे? सातवे प्रकरण फाडले नाही, बाजूला ठेवले. काठी फेकण्याच्या चार पानांतली घुंगरांची दोन वाक्ये ठेवली आहेत, ती बरी वाटतात. नवे सातवे प्रकरण तक्क्यातल्या दुसऱ्या रात्रीपासून सुरू केले आहे, जिथे कोणी बोलत नाही. मला हे लिहायला जड जाते, कारण मला भाषणे लिहायची सवय. आजीचे उसातले महिने सहाव्या प्रकरणात मागे ढकलले, म्हणजे बैठकीच्या आधी आले. त्यामुळे कथानायक कोण, हाच घोळ झाला आहे. तो तूर्त तसाच राहू देतो. रोज सकाळची एसटी पकडण्याआधी एक पान. कधी अर्धे.

मुंबईच्या चुलत्यांना पत्र लिहिले. फोन करायचे धैर्य झाले नाही. ‘तुमच्याकडे १९५९-६० च्या सुमाराचा गावाकडून आलेला कागद, मनीऑर्डरची पावती, काही असेल तर पाहावे, आणि नसेल तरी मला येऊन भेटायचे आहे,’ एवढेच त्यात आहे. वडिलांना हे सांगितले. ते म्हणाले, ‘आता कशाला उकरतोस?’ मग दुसऱ्या दिवशी स्वतःच पेटीतून जमिनीच्या साऱ्याच्या जुन्या पावत्या काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि शेताकडे गेले.

तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५९ नंतरचे फेरफार पाहण्यासाठी अर्ज दिला आहे. माझ्या वाचकांना एक विनंती. आपल्या गावच्या भावकीने रिग्रँटची रक्कम कशी उभी केली, कोणाची राहिली, बाहेरगावच्यांना कळवले की नाही, हे सांगणारे कोणी वडीलधारे हयात असतील तर त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवावे. घरातल्या बाईला ‘थांब’ म्हणू नये. आणि जमल्यास या अंकाच्या पत्त्यावर मला कळवावे.